उलट्या बाजूचा पट्टा

लिंबाजीमामा, आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्यावर उपकार करणाऱ्यांची यादी मोठी आहे. हसनाबादच्या शाळेतले गुरुजी आहेत. मला औरंगाबादला कॉलेजात ठेवून इकडे दुसऱ्याच्या शेतात राबलेला माझा बाप आहे. पण त्या यादीत सगळ्यात वर नाव तुमचं, जालन्याच्या मस्तगडात बूट-चपला शिवणारे लिंबाजीमामा. माझी सुजाता आज स्वतःच्या पायांनी शाळेत जाते ती तुमच्यामुळे.

तुम्ही गुरुवारी गेलात. आज अकरावा दिवस. तुमच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, तर डोक्यात तुमच्याआधी तो बुटांचा कंत्राटदार येऊन बसला. तुम्ही गेलात आणि तो आहे. छातीत कळ आल्यावर चामडं कापायची रापी खाली ठेवून तुम्ही भिंतीला टेकलात ते टेकलातच, असं मामी सांगतात. तो मात्र रोज सकाळी फिरायला जातो. मला हे सहन होत नाही, आणि ते गिळून मी गोड लिहिणार नाही.

मयताला तो आला होता. हातात झेंडूचा जाड हार. मी त्याला बोळीच्या तोंडाशीच अडवलं.

"इथून परत जा," मी म्हणालो.

"मास्तर, आज तरी असं करू नका. माझ्या वडलांवर त्यांचे उपकार आहेत."

"म्हणूनच सांगतो. जा."

लोक बघत होते. आतून मामी आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचाच. "उत्तम, दारात आलेल्याला असं हाकलू न्हाई," मला म्हणाल्या. मग त्याच्या हातातून हार घेतला. "तुम्ही हार दिला साहेब, बराबर हाय. आता चला." त्याला तिरडीपर्यंत येऊ दिलं नाही. तो हार तुमच्या अंगावर गेला नाही, मामा. मामींनी तो शेळीपुढे टाकला. शेळी फुलं खाताना मी बघत उभा राहिलो आणि मला बरं वाटलं. मयतात बरं कसं वाटतं, असं कुणी विचारलं तर सांगेन, हे असं वाटतं.

हे जिथून सुरू झालं तो दिवस मी तुम्हाला कधी नीट सांगितला नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि खरं तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं. आता तरी माझ्या तोंडून ऐका.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी जालन्यात अपंग मुलांसाठी शिबिर झालं. गावातल्या चार मोठ्या मंडळींनी ते भरवलं होतं. सुजाता तेव्हा तीन वर्षांची. जन्मली तेव्हाच तिचे दोन्ही पाय आत वळलेले होते, तळवे एकमेकांकडे बघणारे. औरंगाबादच्या दवाखान्यात महिनोन् महिने प्लास्टर घालून पाय बरेच सरळ झाले. डॉक्टरांनी बजावलं, आता लोखंडी पट्टीचे बूट घाला, अगदी मापाचे. नाहीतर वाढत्या वयात पाय पुन्हा आत वळतील आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. ते बूट शिबिरात फुकट मिळणार होते.

बूट पुरवण्याचं कंत्राट या माणसाकडे होतं. त्यानं ते पोत्यांत भरून आणले होते, बाजारात कांदे आणावेत तसे. माझा इस्त्रीचा शर्ट आणि खिशातलं पेन पाहून त्यानं मला गर्दीतून हेरलं.

"शिकलेले दिसता?"

"बी. ए. आहे. इथल्याच शाळेत मास्तर आहे."

"मग राव, उभे काय राहता? इथं बसा. ही सगळी अंगठेवाली मंडळी, तुमच्यासारख्यानं हात लावला तर जल्दी उरकेल."

त्यानं मला खुर्ची दिली. मामा, त्याआधी जालन्यात मला कुणी स्वतःहून खुर्ची दिली नव्हती. मी बसलो. समोर छापील कागदांचा गठ्ठा होता, इंग्रजीतला. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ होती: बूट मुलाच्या पायात घालून पाहिले, माप बरोबर आहे, आमचं समाधान आहे. ती ओळ मी मराठीत करून एकेकाला वाचून दाखवली, आणि एकेकाचा अंगठा धरून शाईत टेकवून कागदावर उठवला. बूट तेव्हा पोत्यातच होते. एका म्हातारीनं विचारलंही, "मास्तर, आदी पोराच्या पायात घालून पाह्याचं न्हाई का?"

मी म्हणालो, "आजी, त्यांना कळतं सगळं."

सुजाताच्या कागदावर अंगठा नाही उठवला. सही केली, इंग्रजीत, आणि खाली रेघ ओढली. सगळ्यांनी बघावी म्हणून जरा सावकाशच केली.

तीन आठवड्यांत तिच्या दोन्ही घोट्यांवर जखमा झाल्या. बूट चढवायला घेतले की ती कोपऱ्यात सरकायची आणि पाय फ्रॉकखाली लपवायची. कुसुम, माझी बायको, जखमांना तेल लावायची, फडकं बांधायची आणि वरून पुन्हा बूट घालायची, कारण मी तिला सांगितलं होतं की डॉक्टरांचा हुकूम आहे. पाय मात्र सरळ राहायच्याऐवजी पुन्हा आत कलायला लागले. मग मी बूट घेऊन त्या माणसाकडे गेलो. त्यानं बूट हातातसुद्धा घेतले नाहीत.

"बांधता येत नसतील घरात. तुमच्या बायकांना सांगावं लागतं सगळं. पट्टा आवळून बांधा."

"साहेब, जखम झाली आहे."

त्यानं कपाट उघडलं, माझा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "ही सही कुणाची? माप बरोबर आहे असं कुणी लिहून दिलं? आणि बाकीच्यांना वाचून कुणी दाखवलं? मास्तर, गाजावाजा केलात तर आधी तुम्हालाच विचारतील लोक."

मी घरी आलो आणि कुसुमला म्हणालो, तू नीट बांधत नाहीस. हेही मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

तुमच्या दुकानात तीच घेऊन आली मला. कुणी तरी तिला सांगितलं होतं की मस्तगडात एक म्हातारा आहे, हैदराबादला दवाखान्याच्या कारखान्यात असेच बूट करायचा. तुम्ही आधी बूट पाहिले नाहीत. चुलीतली राख आणून ओट्याच्या काळ्या फरशीवर पसरलीत आणि सुजाताला अनवाणी तिच्यावरून चालायला लावलंत. ती दोनदा पडली. तुम्ही ओणवे होऊन राखेतले ठसे बघत बसलात, माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाहीत. मग बूट मागितलेत.

"हे कुनी देलं?"

"शिबिरात मिळालं."

"मास्तर, पाह्य इकडं. पोरीचा घोटा बाहीर पळून राह्यला. पाय आत वळतो तवा घोटा बाहीर जातो. मंग पट्टा कुटून पाह्यजे? बाहीरून. घोट्याला दाबून आत आनाया. आन लोखंड आतल्या अंगाला. हितं लोखंड बाहीर, पट्टा आतून. पट्टा घोट्याला आनखी बाहीर वढतो. ह्यो बूट दुसऱ्याच पायाचा हाय. ज्याचा पाय बाहीर पडतो त्याचा. आन ही बिजागरी दोन बोटं वर हाय, चालताना नडगी खाती." तुम्ही बूट फरशीवर ठेवलात. "बायको बराबर बांधून राह्यली व्हती. जितकं बराबर बांधलं तितकं पोरीचं वाटूळं झालं."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

"घालून पाह्यल्याबिगर घेतलं कसं?" तुम्ही विचारलंत. "सही कुनी केली?"

मी म्हणालो, "त्या साहेबांनीच केली."

एवढं एक वाक्य होतं, मामा, आणि ते मी तुमच्या ओट्यावर साडेतीन वर्षं ठेवून दिलं.

तुमची कामाची रीत मला आजही पाठ आहे. कागदावर पायाची रेघ. लाकडाचा फर्मा तासून तिच्या पायासारखा. लोखंडी पट्ट्या शेजारच्या लोहाराकडून, बिजागरी घोट्याच्या बरोबर उंचीवर, त्यासाठी त्याला तीन वेळा परत पाठवलंत. बूट तयार झाले तरी दिले नाहीत. पायात घातले, घटकाभर चालवलंत, काढले. मग मामींना चहा ठेवायला सांगितलंत. पायावर जिथे जिथे लाल डाग होते ते बोटानं दाखवून म्हणालात, "चहा पिऊन झाला का ही लाली गेली पाह्यजे. न गेली तर बूट चुकला. पोरगी न्हाई चुकली, बूट चुकला." पहिल्या दिवशी एक डाग गेला नाही. तुम्ही सबंध बूट उसवलात.

आणि पट्टा मला शिवायला लावलात. मी मागे सरलो. माझा बाप हसनाबादला आहे, छप्पन्न साली मेलेली ढोरं ओढणं सोडलं तेव्हा त्यानं घरात सांगून ठेवलं होतं की माझ्या पोरांनी चामड्याला हात लावायचा नाही. मी हे तुम्हाला भीत भीत सांगितलं. तुम्ही चिडलात.

"तुझ्या बापानं गुलामी सोडली, लई चांगलं केलं. मंग मी काय हितं गुलामी करून राह्यलो काय? पोरीचा पट्टा रातीतून तुटला तर मला उठवाया पळत येशील? शिव."

बापाला कळलं तेव्हा तो रागानं सकाळच्या गाडीनं आला. तुमच्या ओट्याच्या टोकावर पाठ वळवून बसला. "बी. ए. करून हे करून राह्यला," एवढंच बोलला. मग सुजाता नवे बूट घालून बोळीत चालत गेली, लोहाराच्या दारापर्यंत, आणि वळून आली. न पडता. बाप बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला. नंतर माझ्या हातातल्या दोऱ्याकडे बघून म्हणाला, "त्याला मेन लाव. न्हाईतर तुटन." तुम्ही मेणाचा गोळा त्याच्याकडे सरकवलात, आणि माझ्या बापानं सोळा-सतरा वर्षांनी चामड्याचा दोरा मेणात ओढला. त्या क्षणासाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते. नाही धरले. आपल्यात तसं काही करायची रीत पडली नव्हती.

मग बाकीचे यायला लागले. शिबिरातली बहुतेक पोरं तुमच्या ओट्यावर येऊन गेली. आईबाप म्हणायचे, मास्तरांनी पत्ता दिला, देव भलं करो. त्यांचे अंगठे मीच उठवले होते हे त्यांना माहीत होतं, पण त्यात काही चुकलं असं त्यांच्या मनातही नव्हतं. अंबडकडचा गंगाराम सगळ्यात उशिरा आला. त्याच्या मुलानं तो उलटा बूट दोन वर्षं घातला होता. गंगाराम म्हणाला, "मास्तरांनी वाचून दावलं व्हतं, माप बराबर हाय म्हून. मंग रडला तरी काढला न्हाई." कुठले मास्तर ते तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. तुम्ही त्या पोराचा पाय मांडीवर घेऊन कितीतरी वेळ दाबून बघत होतात. मग गंगारामला म्हणालात, "आता हाडं बसली. मी खोटं सांगनार न्हाई." तो गेल्यावर तुम्ही त्या दिवशीचं काम बंद केलंत.

तेव्हापासून तुम्ही माझ्या मागे लागलात. अर्ज कर. कलेक्टरला कर, त्या मंडळींना कर. "तुझ्या हातात लेखनी हाय. माझ्या हातात असती तर मी त्याला जालन्यात राहू देला नसता." मी हो म्हणायचो. कितीदा अर्ज लिहिला, तुम्हाला वाचूनही दाखवला. तुम्ही खूष व्हायचात. "आनखी लिव्ह, कमी लिव्हलं." आणि पुढच्या वेळी विचारायचात, "टाकला का?" मी म्हणायचो, टाकतो. एवढा संतापलेला मास्तर अर्ज का टाकत नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं. अर्ज टाकला की तो माणूस कपाट उघडणार, हे मला कळत होतं.

दीड वर्षापूर्वी तो स्वतः तुमच्या ओट्यावर आला. मी तिथे होतो. बरोबर त्याचा बाप, लकवा झालेला, एक पाय लोंबलेला आणि आत वळलेला. गोदाम बुटांनी भरलेलं असून तो आपल्या बापाला तुमच्याकडे घेऊन आला होता. मला फार आनंद झाला. तुम्ही राख आणायला आत गेलात तेव्हा मी मागून आलो.

"मामा, पट्टा उलटा लावा."

"काय?"

"एकदाच. त्याच्या बापाला लावा. त्याला घरात रोज बघू द्या."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "म्हाताऱ्याच्या पायाला काय ठावं, पोरगा कसा हाय त्याचा?" आणि राख घेऊन बाहेर गेलात. पण त्याला सुखानं बसू दिलं नाहीत, हे मी विसरलेलो नाही. त्याला खाली फरशीवर बसवलंत, बापाचा पाय त्याच्या मांडीवर दिलात, आणि दोन तास तसाच धरायला लावलात. शिबिरातला एक जुना बूट काढून त्याच्यापुढे ठेवलात.

"साहेब, ह्यो तुमचा माल. तुमच्या बापाला घालू का?"

त्यानं बोळीकडे तोंड वळवलं.

"पट्टा ह्या अंगाला कामून लावला, तेवढं सांगा. मला शिकाया भेटन."

तेव्हा तो चिडून म्हणाला, "मला काय विचारता? तुमच्या मास्तरांना विचारा. सगळ्यांना वाचून दाखवलं यांनी, अंगठे घेतले यांनी. स्वतःच्या पोरीच्या कागदावर सही आहे यांची. इंग्रजीत."

तुम्ही मान वर केलीत. "व्हय का, उत्तम?"

मी हो म्हणालो.

तुम्ही पुन्हा खाली वाकलात आणि त्या म्हाताऱ्याचं माप घेतलंत. ते लोक गेले. मग म्हणालात, "मला तर साहेबानं सही केली म्हून सांगतलं व्हतं तू."

"त्यानं फसवलं मला, मामा."

"त्यानं फसवलं. बराबर हाय. मंग मला कुनी फसवलं?"

मी म्हणालो, "तुम्ही त्याच्या बापाची सेवा करा," आणि पायात चपला अडकवून निघून आलो. दीड वर्षं आलो नाही. कुसुम सुजाताला घेऊन यायची, तुम्ही दोनदा बूट वाढवून दिलेत, माझी चौकशी केली नाहीत. तुम्ही त्याच्या बापाला चांगला बूट दिलात हे मी माफ केलं नव्हतं, आणि माझं खोटं तुम्ही माफ केलं नव्हतं. आजही मला वाटतं, त्या एका पायाला उलटा पट्टा लागायला हवा होता. तुम्ही असतात तर पुन्हा भांडलो असतो. असं वाटणं चूक आहे हेही मला कळतं, आणि तरी वाटतं.

महिन्याभरापूर्वी शिबिराच्या मंडळींकडून आमच्या शाळेत निरोप आला. पुन्हा शिबिर आहे, कागद भरायला एक शिक्षक द्या. हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं. त्या आठवड्यात मी तुम्हाला पत्र लिहिलं. दोन गल्ल्या ओलांडून येणं जमलं नाही म्हणून पोस्टानं पाठवलं. मामी सांगतात, पोस्टमननं ओट्यावर बसून वाचून दाखवलं.

"मंग काय म्हनले?" मी मामींना विचारलं.

"काय न्हाई. म्हनले, पुन्ना वाच. त्यानं पुन्ना वाचलं."

"आणि मंग?"

"मंग म्हनले, पोरीला घेऊन ये म्हनाव. बुटाचा लंबर वाढला आसंल."

मी शिबिर झाल्यावर येणार होतो. काहीतरी हातात घेऊन यावं असं वाटत होतं. शिबिर सोमवारी होतं, तुम्ही आदल्या गुरुवारी गेलात.

सोमवारी काय झालं ते ऐका. तेच टेबल, तशाच पोत्यांची थप्पी. तो लांब उभा होता. कागदांचा गठ्ठा समोर आला तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत बोललो. पाच वर्षांपूर्वी याच ओळी मी खोट्या वाचल्या, बूट पोत्यात असताना अंगठे उठवले, त्यातल्या एका मुलाचा पाय कायमचा गेला, आज तसं होणार नाही. गंगाराम त्या मुलाला घेऊन आला होता. ते पोर टेबलाजवळ उभं राहिलं, आणखी काही सांगावं लागलं नाही. मी म्हणालो, बूट पायात घाला, चालवा, काढा, आणि चहा पिऊन होईपर्यंत लाली गेली तरच अंगठा.

"एवढ्यांना चहा कोण पाजणार?" मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले. अध्यक्षांनी चहा मागवला.

औरंगाबादहून आलेल्या डॉक्टरांनी एकेक बूट हातात घेऊन पट्टा कुठल्या अंगाला आहे ते बघितलं, आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारलं. त्याच्याकडे या वेळी दाखवायला कागद नव्हता. दुपारपर्यंत तीन जोड पास झाले. बाकीचे पुन्हा पोत्यात. हमाल जेवायला गेले होते, त्यामुळे पोती त्यानं स्वतः ट्रकमध्ये चढवली, पांढऱ्या कपड्यांनी. मंडळींनी त्याला पुढचं काम नाही म्हणून सांगितलं. अर्ज मी टाकला आहे, त्यात माझं नाव आहे. चौकशी त्याची होईल तशी माझीही होईल, नोकरीवर काय येतं ते बघू.

मी फाटकापर्यंत त्याच्या मागे गेलो. तो म्हणाला, "मास्तर, काय मिळालं तुम्हाला?" ट्रक वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो. फार गोड वाटलं, मामा, खोटं कशाला बोलू. आणखी हवं होतं. मग मागे वळलो तर ज्याला हे सांगायचं तो नव्हता.

सुजाताचे बूट आता बोटभर आखूड झाले आहेत. तुम्ही न बघताच ओळखलं होतं. पट्टा मी शिवू शकतो, बिजागरी लोहार करतो, लाली मला कळते. राखेतला ठसा वाचता येत नाही. तो तुम्ही शिकवला असतात, मी दीड वर्ष फुकट घालवलं नसतं तर. तिला औरंगाबादला नेणार आहे, आणि तिथल्या कारखान्यात पट्टा कुठल्या बाजूला लावतात ते समोर उभा राहून बघणार आहे.

तुमच्याकडे गेलेल्या पत्राची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे. ती इथे उतरवतो.

लिंबाजीमामांना उत्तमचा जयभीम.

हे पत्र कुणी वाचून दाखवील त्यानं मोठ्यानं वाचावं, लपवण्यासारखं यात काही ठेवलेलं नाही.

सही माझी होती. अंगठे मी उठवले. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो, आणि कुसुमलाही दोष दिला. तिला परवा सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, पण तुम्ही कधी सांगता ते बघत होते.

रविवारी अंबडला जाऊन गंगारामलाही सांगितलं. त्यानं मला शिवी दिली. मग आत जाऊन पाणी आणलं, आणि मी पीत असताना दुसरी शिवी दिली. मुलाला घेऊन येतो म्हणाला.

त्या कंत्राटदाराच्या बापाला तुम्ही चांगला बूट दिला यावरून माझा राग गेलेला नाही. भेटल्यावर भांडू. पण अर्ज लिहिला आहे. आधी मी काय केलं ते लिहिलं, नंतर त्यानं काय केलं ते. तुम्ही म्हणत होता तसं आणखी लिहिलं, या वेळी कमी लिहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा शिबिर आहे. बूट त्याचेच येणार आहेत. कागद भरायला, अंगठे घ्यायला शाळेतून एक मास्तर मागवला होता. मला बोलावलं आहे. मी हो म्हणून कळवलं. पोरांनी बूट घालून चालून दाखवल्याशिवाय त्या टेबलावरून एकही अंगठा उठणार नाही.

त्याला अजून हे माहीत नाही.

तुमचा,
उत्तम